काय हुडकायलीस माय?

गेल्या श्रावणात परभणीहून गंगाखेडला मावशीकडं निघाले होते. सकाळची एसटी, खिडकीची जागा मिळालेली, बाहेर भुरभुर चालू आणि काचेच्या फटीतून थेंब थेंब पाणी मांडीवर येत होतं. कंडक्टर आला तसा मी बॅगेत हात घातला. माझी बॅग म्हणजे खांद्याला अडकवायची ती मोठी काळी, हात कोपरापर्यंत आत जातो अशी. आधी फोन काढला, पण रेंज नव्हती, पैसे जाईनात, नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग सुट्टे हुडकायला लागले. गोळ्यांची पाकिटं, चार्जरची वायर, लेकाची कंपासपेटी, मेडिकलची बिलं, किल्ल्या, एक रुमाल, त्याखाली दुसरा रुमाल. पाचशेची नोट तेवढी निघाली, ती बघूनच कंडक्टरनं मान हलवली. म्हणाला, सुट्टे काढून ठेवा मॅडम, येतो मी माघारी.

शेजारी एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण, हातात दोन दोन काचेच्या बांगड्या. तिनं कमरेला हात घातला, कनवटीतून एक कापडाची गुंडाळी काढली, दोरी एका ओढीत सोडली आणि कार्ड काढून कंडक्टरपुढं धरलं. पंचाहत्तरीपुढच्या माणसांना एसटीत २०२२ पासून तिकिटाचे पैसे पडत नाहीत, कार्ड दाखवलं की झालं. पण मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं, तिनं त्या गुंडाळीकडं बघितलंसुद्धा नव्हतं. ती बाहेर तुरीच्या रानाकडं बघत होती. बोटं आपली आपण गेली, दुसऱ्या घडीत शिरली, कार्ड घेऊन आली. दोन सेकंदांचं काम.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "काय हुडकायलीस माय? किती लागतंय?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत तिच्या बोटांनी तिसऱ्या घडीतून दहा-दहाच्या नोटा काढून माझ्या हातात दिल्या. मी गंगाखेडच्या स्टँडवर केळी घेऊन पाचशे मोडले आणि तिचे पैसे तिला दिले, तो हिशोब तिथंच मिटला. पण त्याआधी वाटेत, दैठणा मागं पडल्यावर कधीतरी, माझी बॅग अजून उघडीच होती, तिनं त्यात एकदा डोकावून बघितलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"एवढं कुणाकुणाचं घेऊन फिरायलीस?"

हे काही तिनं टोचून विचारलं नव्हतं. पण मावशीकडं जेवताना, परत येताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर, ते वाक्य माझ्या मागंच लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी बॅग पलंगावर उलटी केली. एकेक वस्तू ओळीनं मांडली. चौतीस वस्तू निघाल्या. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आधार, पॅन, पेन्शनचं पासबुक, बीपीच्या गोळ्या, त्यांच्या जुन्या चष्म्याचं घर. लेकाची कंपासपेटी, त्याच्या क्लासची पावती, सायकलच्या कुलपाची किल्ली. नवऱ्याच्या गाडीचे कागद, त्याचा पेन ड्राइव्ह. सासूबाईंच्या कानातल्याची मागची फिरकी, कधीतरी सोनाराकडं न्यायची म्हणून ठेवलेली, कागदात बांधून. माझं म्हणावं असं काय निघालं, तर घराची किल्ली, एक पेन, क्लिप, चष्मा, एटीएम कार्ड आणि व्हॅसलीनची छोटी डबी. सहा. मी परत मोजलं. सहाच होत्या.

वाईट वाटलं का? वाटलं. पण नुसतं वाईटच नाही वाटलं, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानपण वाटला. की बघा, या घरातलं काही अडलं तर सगळे माझ्याकडं बघतात. हे दोन्ही एकदम वाटत होतं आणि कुठलं खरं ते कळत नव्हतं. मी त्या वस्तूंकडं बघत बराच वेळ बसून राहिले. मग त्या काळ्या बॅगेच्या आतलं फाटलेलं अस्तर दिसलं आणि दोन वर्षांपूर्वीची ती रात्र आठवली.

जानेवारीतली रात्र होती. अण्णा जेवायला बसले आणि हातातली वाटी सुटली. बोलणं जड झालं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं. अशा अर्धांगवायूच्या झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही जितकं लवकर तितकं चांगलं, एवढं मला कुठूनतरी वाचून माहीत होतं, त्यामुळं डोक्यात नुसतं घड्याळ चालू होतं. दवाखान्यात पोचलो, त्यांना आत घेतलं, आणि काउंटरवर मला कार्ड मागितलं. मी बॅगेत हात घातला. नाही. सगळी बॅग बाकड्यावर ओतली. तरी नाही. हात थरथरायला लागले. अण्णा स्ट्रेचरवर होते, मान वळवून माझ्याकडं बघत होते, आणि त्या जड जिभेनं म्हणाले, "सावकाश हुडक." स्वतःचं अंग हलत नाहीये आणि मला म्हणतायत सावकाश. कार्ड सापडलं तेव्हा कळलं, अस्तराची शिवण उसवलेली होती, त्या भोकातून ते अस्तर आणि कापडाच्या मधी जाऊन बसलं होतं. दहा मिनिटं गेली असतील. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यांच्या उपचाराला तेवढ्यानं काही फरक पडला नाही, कागदासाठी कुणी थांबलं नव्हतं. अण्णा बरे झाले, चालतात, बोलतात, फक्त डाव्या हातात जोर कमी राहिला. पण ती दहा मिनिटं माझ्या अंगात कुठंतरी अडकून बसलीत, त्या कार्डासारखीच.

त्या रात्रीपासून अण्णांचं सगळं माझ्या बॅगेत आलं. तेच म्हणाले, तुझ्याजवळच राहू दे. आणि मी ठेवून घेतलं.

आता म्हातारीच्या हातातली ती गुंडाळी. ती चंची होती हे मी सांगायला नको. आमच्या आबांची पण होती, म्हणजे अण्णांच्या वडिलांची. लाल खारव्याची, आतून मांजरपाटाचं अस्तर. कापडाची एक लांब पट्टी, तिला घड्यांवर घड्या घालून एकाखाली एक कप्पे काढलेले, वरचं टोक निमुळतं आणि त्या टोकाला दोरी. खालून वर गुंडाळत यायचं, दोरीचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि टोक खोसायचं. सगळ्यात मोठ्या कप्प्यात ओल्या फडक्यातली पानं, मग सुपारी, कात, तंबाखू, एका बारक्या कप्प्यात लवंगा, आणि चुन्याची डबी अगदी कडेला, कारण चुना सांडला की कापड खातो. ज्या घडीत अडकित्ता असायचा ती घडी लांबट झाली होती, अडकित्ता काढून घेतला तरी तिच्यात त्याचा आकार राहायचा. त्या चंचीला जो वास होता, काताचा, तंबाखूचा आणि आबांच्या घामाचा मिळून, तो मला आत्ता लिहिताना सुद्धा येतोय. आबांना शेवटी शेवटी मोतीबिंदूनं दिसत नव्हतं नीट, पण पान लावताना कधी चुकले नाहीत. आणि पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर चंची सोडून मधी ठेवायची. एसटीत ती म्हातारी मला पैसे देत होती तेव्हा मला हेच दिसलं असणार, पण ते नीट कळायला घरी यावं लागलं.

आबा त्यांच्या वडिलांचं सांगायचे. तेव्हा आपला सगळा मुलूख निजामाच्या राज्यात, इथं चालायचा तो हाली रुपया आणि इंग्रजांच्या मुलखातला तो कलदार. सात हालीचे सहा कलदार. त्यामुळं बाजाराला निघालेल्या माणसाला दोन्ही मिसळून चालायचंच नाही, नाहीतर अंधारात हातून कलदार जायचा. म्हणून पणजोबांच्या चंचीत हालीची घडी वेगळी, कलदारची वेगळी, आणि कलदारच्या घडीला वरून एक टाका जास्तीचा. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं, पुढं काही वर्षांनी हाली पण गेला, पण आबा ती घडी दाखवून "ही कलदारची" असंच म्हणायचे, तिच्यात लवंगा असल्या तरी.

लेकाला हे सांगितलं तर त्यानं मला मोबाइलवर ओट्झी दाखवला. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला माणूस, पाच हजार वर्षांहून जुना. त्याच्या कंबरपट्ट्याला कातड्याची पिशवी शिवलेली होती आणि तिच्यात गारगोटीची हत्यारं, हाडाची टोचणी आणि आग पेटवायला लागणारी वाळकी बुरशी, हे एवढं. मी ते चित्र किती वेळ बघत बसले. कुठला कोण माणूस, पण कमरेला जे बांधलं होतं ते त्याचं एकट्याचं होतं, आणि रोज लागणारं होतं. आजकाल लेकाच्या पिढीची पोरं याला एव्हरीडे कॅरी म्हणतात आणि त्यासाठी तयार ऑर्गनायझर ऑनलाइन मिळतात, चांगले असतात, मी दोन-तीन कार्टमध्ये टाकून पण ठेवले होते. ते काढून टाकले. म्हटलं आपणच शिवू.

कापड शोधायला ट्रंक उघडली. आबांचं धोतर हाताला इतकं विरविरीत लागलं की सुई लावायची हिंमत झाली नाही. मग आजीचं इरकल निघालं, गडद हिरवं, दंड घातलेलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, लुगडं मधी विरलं की विरलेला भाग कापून काढायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडून परत नेसायचं, त्या जोडाला दंड म्हणतात. आजीनं हातानं घातलेला दंड, टाके इतके बारीक की नखानं चाचपल्याशिवाय लागत नाही. तो भाग मी तसाच ठेवला. त्याच्या बाजूचं कापड आतल्या कप्प्यांना घेतलं, बाहेरून लेकाची गुडघ्यावर फाटलेली जीन्स, कारण इरकल एकटं किल्लीचे दात सोसणार नाही. लाल काठ कडेच्या पट्टीला घ्यावा वाटत होतं, पण काठ सरळ विणीचा, कोपऱ्यावर वळताना चुण्या पडतात. गोलाई घ्यायची तर पट्टी तिरकीच पाहिजे, उरेब कापलेली, ती ताणली जाते म्हणून वळते. काठाला तिरकं कापायचं मनात येईना. मग काठाची दोरी वळली.

मशीन आईची, पायाची, काळी. आई गेल्यापासून तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचो आम्ही. तेल दिलं, पट्टा सैल झाला होता तो कापून परत जोडला, बॉबिनच्या घरात आईच्या शेवटच्या कामाचा मोतिया रंगाचा दोरा तसाच होता. तो काढून मी चिमटीत धरला आणि कुठं ठेवावा कळेना, शेवटी ड्रॉवरमधल्या सुयांच्या पुडीला गुंडाळला.

खरं काम मापातच आहे हे मला शिवायला बसल्यावर कळलं. एटीएम कार्ड, पॅन, प्लास्टिकचं आधार, सगळ्यांचं माप एकच, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, जगभर ठरलेलं. मी म्हटलं नऊ सेंटिमीटरचा कप्पा भरपूर झाला. पट्टी चौदा सेंटिमीटर रुंद, नऊ सेंटिमीटरवर उभी टीप मारली, उरलेल्यात पेन. एक कार्ड गेलं, मस्त बसलं. तीन एकदम घातली तर जाईनात. कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर, तीन म्हणजे सव्वादोन, आणि ती जाडी कापड रुंदीतूनच वसूल करतं, वर कडेच्या पट्टीनं आणखी दाब घेतलेला. सपाट कागदावरचं माप आणि पोटात काही धरलेल्या कापडाचं माप यात फरक असतोच, आईला हे हातानं माहीत होतं, मला उसवून शिकावं लागलं. दहा सेंटिमीटर केलं. पेनाला चार उरले, तेवढ्यात पेन आणि गोळ्यांचं पाकीट दोन्ही बसतं.

कडेला जिथं सगळ्या घड्या एकावर एक येतात तिथं नऊ पदर झाले, त्यातले दोन जीन्सचे. चौदा नंबरची सुई कटकन मोडली. टेलरिंग मटेरियलच्या दुकानात गेले, दुकानदार म्हातारे, त्यांनी नमुना अंगठ्यात दाबून बघितला आणि म्हणाले अठरा लावा, टाका मोठा ठेवा आणि जाड जागी पाय सोडून चाक हातानं फिरवा ताई, घाई करू नका. घरी येऊन मी ती जाड जागा आधी बत्त्यानं ठोकून चपटी केली, आईला ठोकताना बघितलेलं होतं. मग चाक हातानं, एकेक टाका. सुई कापडात जाताना ठप्प असा जो आवाज येतो ना, पहिल्या टिपेला भीती वाटायची, नंतर त्या आवाजाची वाट बघायला लागले. बाहेर संध्याकाळ झाली होती, पाऊस थांबलेला, मशीनच्या तेलाचा वास आणि ट्रंकेतल्या डांबरगोळीचा वास खोलीभर.

बंद कशानं करायचं यावर मी दोन दिवस घालवले. चेन लावली तर किल्ली अडकते, शिवाय एका हातानं चेन ओढायची तर दुसऱ्या हातानं कापड ताणून धरावं लागतं. वेल्क्रो सोपं, त्याची गोष्ट पण छान आहे, स्वित्झर्लंडमधल्या एका इंजिनियरला कुत्र्याच्या केसात चिकटलेली काटेरी फळं बघून ते सुचलं, आपल्याकडं रानातून आल्यावर धोतराला चिकटतात तशीच फळं. पण वेल्क्रो उघडताना चर्र करतं. दवाखान्यात रात्री शेजारच्या पेशंटला डोळा लागलेला असताना तो आवाज कसा वाटतो, हे मी चार रात्री ऐकलंय. म्हणून दोरीच. काठाची दोरी, दोन वेढे, टोक खोसायचं.

माझी चंची झाली. पाच घड्या. पहिलीत कार्ड, दुसरीत नोटा, तिसरीत नाणी, चौथीत किल्ली, पाचवीत पेन आणि व्हॅसलीन. रात्री दिवा घालवून एकेक घडी बोटांनी शोधायचा सराव केला. किल्लीच्या घडीच्या तोंडाशी आजीचा दंड आलाय, त्यामुळं ती बोटाला लगेच लागते. ते मी ठरवून केलं नव्हतं.

अण्णा हे सगळं चार दिवस खुर्चीतून बघत होते. काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "आबाची व्हती तशीच केलीस की." मग कप खाली ठेवून, "मला बी एक शिव." मी म्हटलं, तुम्हाला कशाला अण्णा, तुमचं सगळं माझ्याजवळ आहेच की. ते थोडा वेळ गप्प राहिले. आणि मग म्हणाले, "म्हणूनच म्हणायलोय. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचाय. मी जातो औंदा. माझा मी."

मला पटकन हो म्हणता आलं नाही. तोंडात आलं होतं की एकटे कशाला, मी येते. तीच ती दहा मिनिटं आडवी आली. पण पलंगावर मांडलेल्या चौतीस वस्तू पण आठवल्या, आणि आत्तापर्यंत मी त्या एकाच बाजूनं मोजल्या होत्या हे कळलं, माझ्या खांद्यावर किती. ज्यांच्या त्या होत्या त्यांच्या खिशात काय उरलं हे मी मोजलंच नव्हतं. तीस वर्षं ग्रामसेवक म्हणून नोकरी केलेला माणूस, सगळ्या गावाचे कागद ज्याच्या हातून गेले, त्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन वर्षांपासून फक्त एक रुमाल होता.

त्यांची चंची वेगळी शिवावी लागली. डाव्या हातानं ती नुसती धरायची आहे, त्या हाताला जोर नाही, म्हणून पाठीमागं एक पट्टा लावला, त्यात चार बोटं जातात आणि गुंडाळी हातातून सुटत नाही. दोरी लांब ठेवली. ती ते दातानं धरून ओढतात, आबा ओढायचे तशी, मी बघतच राहिले. कार्डाच्या घडीला वर अर्धगोल काप घेतला, दहाचं नाणं ठेवून खडूनं आखला, सत्तावीस मिलिमीटरचं असतं ते, अंगठा बरोबर बसतो. त्या गोलाईला उरेब पट्टी लावायला मला माझ्या अख्ख्या चंचीइतका वेळ लागला. मग मी माझ्या बॅगेतून त्यांची कार्डं, पासबुक, गोळ्या काढल्या आणि त्यांच्यापुढं ठेवल्या. त्यांनी स्वतः एकेक घडीत घातलं. कुठलं कुठं हे मला विचारलं नाही.

काल संध्याकाळी लाइट गेली. अण्णा ओसरीत बसून अंधारातच सराव करत होते. दोरी सुटल्याचा आवाज आला, पासबुक निघालं, गोळ्या निघाल्या. मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मी आत पोळ्या करत होते, तवा उतरवून बाहेर आले. अंगठा कापात बसत होता पण कार्ड वर सरकत नव्हतं, आधार आणि पॅन एकमेकांना धरून बसले होते. मी हात पुढं केला तसा त्यांनी हात बाजूला घेतला. आणखी दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा निघालं. म्हणाले, "अर्धं बोट वाढव इथं."

लाइट आल्यावर मी मशीनवरचा बल्ब लावला आणि ब्लेड घेऊन कडेची टीप उसवायला बसले. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हटलं, अण्णा, होईस्तोवर कार्ड माझ्या बॅगेत ठेवू का.

"राहू दे," म्हणाले, "माझ्यापाशीच हाय."